हळदीची मूठ

भट्टीवर एकटा माणूस किती अपुरा पडतो, हे भिमाजीला यंदाच्या लग्नसराईत कळलं. विस्तव तोच होता, ऐरण तीच होती. लोखंड लाल झालं की तो सांडशीत धरून ऐरणीवर आणी आणि उजव्या हातानं लहान हातोडी हाणी. टण्. मग हात आपोआप थांबे. हातोडीनं जागा दाखवायची आणि समोरून घणाचा दणका यायचा, ही रीत अंगात इतकी मुरलेली होती की तेवढी उसंत हात स्वतःच सोडायचे. समोरून काही येत नसे. तेवढ्यात लोखंड काळं पडायचं.

समोर उभी राहून घण मारणारी त्याची बायको गोजराबाई मनमाडला होती. मुलगा कुंदन तिथं रेल्वेत रुळाच्या कामावर होता. सुनेचं, हर्षालीचं, बाळंतपण करायला म्हणून गोजराबाई दिवाळी झाल्यावर गेली. सव्वा महिन्यानं येते, म्हणाली होती. आता वैशाख लागला होता आणि बाळ पालथं पडून पुढं सरकू पाहत होतं.

वरच्या मळ्यातला झुंबर एका सकाळी कुदळ घेऊन आला. टोक पार बोथट होऊन मागं बसलं होतं. भिमाजीनं ती तापवली, ऐरणीवर धरली. घण उचलावा तर कुदळ धरायला हात उरत नव्हता आणि कुदळ धरावी तर घण उचलत नव्हता. शेवटी त्यानं हातोडीवरच भागवायला घेतलं. लोखंड जाड. हातोडी नुसती वर उडत होती आणि घाम डोळ्यांत उतरत होता. झुंबर चौकटीला टेकून बघत होता.

"बाबा, राहू द्या," तो म्हणाला. "मावशी आल्या की बघू. मला उद्या डाळिंबाचे खड्डे घ्यायचेत. सिन्नरला टाकतो मी."

"मी धरतो ना. तू मार घण."

झुंबर हसला. "मला नाय जमायचा तो. लोखंड राहील आन् तुमच्या हातावर बसंल."

भिमाजीनं कुदळ पाण्यात विझवली. चर्र आवाज झाला, वाफ तोंडावर आली. ओली कुदळ त्यानं फडक्यानं पुसून झुंबरच्या हातात दिली. मोटारसायकलला ती आडवी बांधून झुंबर निघून गेला. हाती घेतलेलं काम न करता माघारी देण्याची भिमाजीची ही पहिलीच वेळ. तो दिवस त्यानं लोकांचे विळे शेवटण्यात, त्यांना धार काढण्यात घालवला. विळ्याला घण लागत नाही.

सावित्रीबाई आली ती दुसऱ्या दिवशी, ऊन चढायच्या आत. टमाट्याचा मळा सांभाळणारी, सत्तरी ओलांडलेली बाई, पण चालणं अजून ताठ. तिच्या नातवाचं, समाधानचं, लग्न ठरलं होतं. पोराचा बाप, म्हणजे तिचा मुलगा बहिरू, कोरोनात गेला होता. नाशिकच्या दवाखान्यात नेलं ते नेलंच, परत तोंड बघायला मिळालं नाही.

"गोजरा कुठंय?" तिनं दारातूनच विचारलं.

"मनमाडला."

"अजून? आन् मंग माझं काम कोन करनार?"

"येऊ राह्यली ना ती. दोन-चार दिसांत." भिमाजीच्या तोंडून निघून गेलं. निघून गेल्यावर त्याला वाटलं, असं म्हणायला किती बरं वाटतंय.

सावित्रीबाई ऐरणीशेजारच्या लाकडी ओंडक्यावर बसली आणि तिनं मांडीवरचं धोतराचं फडकं सोडलं. आत कट्यार होती. हळद लागली की नवरदेवाच्या हातात देतात ती, टोकाला लिंबू खोचून. पातं साधंच, वीतभर. पण मूठ शिवणीच्या लाकडाची, आणि शिवण मूळची फिकी असते यावर कुणाचा विश्वास बसला नसता. भावकीतल्या नवरदेवांचे हळदीचे हात लागून लागून ती पिवळीधमक झाली होती. जिथं बोटं बसत तिथं लाकूड झिजून खोलगट, गुळगुळीत झालं होतं. मुठीच्या पुढच्या अंगाला, पातं आत जातं तिथं, पितळेचं रुंद कडं होतं.

"ही आमचे मालक हातात धरून मांडवात आले होते," सावित्रीबाई म्हणाली. "मंग बहिऱ्यानं धरली. आता समाधान धरील." तिनं कड्यावर बोट टेकवलं. "ह्या पितळावर बहिऱ्याचं नाव पाहिजे मला. पोरानं मूठ धरली का बोटाखाली बाप लागला पाहिजे त्याच्या."

भिमाजीनं कट्यार हातात घेऊन फिरवली. गोजराबाईनं काढलेली नावं पंचक्रोशीतल्या कोयत्या-सुऱ्यांच्या कड्यांवर होती. तिला वाचता येत नव्हतं, पण पाटीवर लिहून दिलेलं अक्षर ती मेणातून असं उतरवायची की बघत राहावं. मेणाचा थर देऊन त्यात अक्षर उकरायचं आणि तेजाबाला तेवढंच पितळ खाऊ द्यायचं, हे काम सगळं तिचं. भिमाजीनं त्यात कधी बोट घातलं नव्हतं.

"आन् मुठीला काय होता कामा नये बघ," सावित्रीबाई उठता उठता म्हणाली. "तिच्यावर आमच्या समद्यांची हळद हाय. गोजराला सांग तसं."

"सांगतो."

नाही म्हणता आलं असतं. बाई घरी नाही, काम होणार नाही, एवढं सांगितलं असतं तर सावित्रीबाई सिन्नरला कुणाकडून तरी यंत्रावर नाव कोरून घेती. पण ती पायवाटेनं दिसेनाशी व्हायच्या आतच भिमाजीच्या मनात एक गोष्ट येऊन बसली होती. आता गोजराला फोन करायला काहीतरी आहे.

कारण रोजचा फोन फार लवकर संपायचा. "जेवली का?" "जेवले. तुमी?" "जेवलो." "शेळीला पाला आणला का?" "आणला." "मंग ठिवू?" आणि तो "ठेव" म्हणायचा. फोन खिशात घातल्यावर त्याला पुष्कळ बोलायचं आठवायचं.

त्या संध्याकाळी मात्र तो ओट्यावर ऐसपैस बसला आणि सावित्रीबाईचं सगळं साग्रसंगीत सांगितलं.

"तुमी कशाला घेतलं?" तिकडून गोजराबाई म्हणाली. "तुमी कधी नाव काढलंय का?"

"तू सांग, मी करतो."

"आधी मूठ काढून घ्या. मंग कडं खुशाल बुडवा."

"निघत नाय. लाखेत बसवलीय. जोर केला तं लाकूड चिरंल."

"मंग छिन्नीनं ठोका अक्षरं."

"पितळ पातळ हाय गोजरे. ठोकलं तं खालचं लाकूड फुटंल."

विचार करताना ती खालचा ओठ दातात धरायची, ते त्याला फोनवरही दिसलं. मागं बाळ काहीतरी बडबडत होतं आणि कुणीतरी चुटक्या वाजवत होतं.

"मंग तेजाबच," ती म्हणाली. "पण मुठीला नीट झाकावं लागंल. लाकडाला थेंब लागला का काळाठिक्कर डाग पडतो, तो काय केल्या जात नाय. फडताळात वरच्या फळीवर डबा हाय, मेणाचा. मधाच्या पोळ्याचं मेण, राळ घालून वितळवून ठिवलेलं. मेणबत्तीचं घेऊ नका, ते पापुद्र्यावानी सुटतं."

"बरं. आन् मंग?"

"आधी डबा तं काढा."

डबा कुठं आहे हे भिमाजीला माहीत होतं. त्यावर ती बसवत असे ते झाकण, मेणात रुतलेला तिच्या अंगठ्याचा ठसा, सगळं त्यानं गेल्या महिन्यात एकदा उगीचच काढून बघितलं होतं. पण तो म्हणाला, "बरं, काढतो," आणि त्या दिवशी फोन नेहमीपेक्षा कितीतरी जास्त चालला.

दुसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, मुठीवर आधी काय गुंडाळायचं? तिनं सांगितलं, दुधाची पिशवी धुऊन, कोरडी करून. वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी, ओढून ओढून, घट्ट. मग दोरा. तिसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, दोरा कुठला? हे विचारताना त्याला स्वतःलाच हसू आलं. ती म्हणाली, "अहो, कुठलाबी! गोधडीचा घ्या." मग तिनंच सांगितलं की बाळ आता तिच्या बांगड्या तोंडात घालतं, म्हणून तिनं त्या उतरवून ठेवल्यात. कुंदन म्हणतो आई, आता इथंच राहा, बाबांनाही आणू. भिमाजी "हं" म्हणाला. तू काय म्हणालीस, हे त्यानं विचारलं नाही. ते प्रश्न त्याच्यानं होत नव्हते. मेणाचे होत होते.

कट्यारीला हात लावायच्या आधी त्यानं एका बाभळीच्या काठीवर पितळेचा तुकडा ठोकला आणि त्यावर करून पाहिलं. तेजाब म्हणायचं, पण ते काही सोनाराचं धूर सोडणारं तेजाब नव्हतं. रेडिओ-टीव्हीच्या दुकानात मिळणारं तपकिरी पाणी होतं, कुंदननंच एकदा नाशकातून आणून दिलेलं. काचेच्या बाटलीत गोजराबाई ते जपून ठेवायची. पितळ हळूहळू खायचं, पण लाकडाला सोडायचं नाही. तसंच झालं. पितळावरच्या रेघा उमटल्या, आणि पट्टी सोडून बघतो तर कड्यालगत काठीवर बोटभर काळा डाग पसरलेला.

"सांध्यातून शिरलं," त्यानं फोनवर सांगितलं. या खेपेला आवाजात खोटेपणा नव्हता. तो घाबरला होता.

"मेण कसं लावलं?"

"चांगलं कडकडीत तापवून."

"आन् लाकूड गार व्हतं?"

"व्हतं."

"तिथंच चुकलं. गार लाकडावर मेण लगेच आकसतं, कडेनं सुटतं. दिसत नाय आपल्याला, पण वाट पडती, आन् हे पाणी त्या वाटंनं मुंगीवानी चालत जातं. कट्यार आधी उन्हात ठिवा. हाताला ऊन लागली का सांध्यावर मेण फिरवा, लाकूड आन् पितळ दोनी धरून. मंग बोटानं दाबत दाबत गार होऊ द्या. घाई नको." घरी दोन वाक्यांमागं तिला खोकला यायचा. आज एवढं बोलली आणि एकदाही खोकली नाही, हे फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं.

नाव काढून झाल्यावर धुवायचं कसं, हे त्यानं त्या दिवशी विचारलं नाही. ते उद्यासाठी राखून ठेवलं.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन असं खणखणीत पडलं की त्याच्यानं राहवलं नाही. घासूनपुसून ठेवल्यासारखा स्वच्छ उजेड, वारा नाही, भट्टी थंड. त्यानं कट्यार पत्र्यावर उन्हात ठेवली. मूठ पिशवीत, ट्यूबच्या पट्टीत, दोऱ्यात अशी गुंडाळली की एखाद्या लेकराचं दुखरं बोट बांधावं. सांध्यावर मेण फिरवलं, बोटानं दाबत बसला. मेण अंगठ्याला चिकटत होतं, मऊ होतं, आणि त्याला मोहळाचा वास येत होता. मग सगळ्या कड्यावर मेणाचा पातळ थर दिला आणि गोधडीच्या दाभणानं त्यातून अक्षरं उकरली. चौथीपर्यंतची शाळा होती, तेवढी पुरली. 'ब' बरा आला. 'हि' थोडी तिरकी आली. 'रू'ची शेपटी काढताना दाभण निसटलं आणि ती जास्तच लांब गेली. पुसून परत मेण लावावं असं वाटलं, पण दुसऱ्यांदा तरी हात कशावरून स्थिर राहील, म्हणून राहू दिलं.

काडीला कापूस बांधून तो ते तपकिरी पाणी अक्षरांवर ठिपक्या-ठिपक्यांनी ठेवत राहिला. थेंब काळपट झाला की टिपायचा, नवा ठेवायचा. मान आखडली. शेळी दोनदा ओरडली, त्यानं वर पाहिलं नाही. दुपार कलायला लागली तेव्हा त्यानं मेणाच्या कडेनं नखानं चाचपून पाहिलं. अक्षरं नखाला अडत होती.

मग मात्र त्याला धीर धरवेना. दोरा कापला, पट्टी सोडली, पिशवी काढली. मूठ जशीच्या तशी. कुठं डाग नाही, काळेपणा नाही. पिवळीधमक. भिमाजी एकटाच मोठ्यानं हसला. पितळावर अजून ते पाणी होतं, ते मारायला गोजरा खायच्या सोड्याच्या पाण्यात वस्तू बुडवते, हे त्यानं कैकदा बघितलं होतं. त्यानं पातेल्यात सोडा कालवला आणि कट्यार मुठीसकट आत सोडली.

बाहेर काढली तेव्हा मूठ लाल झाली होती.

आधी त्याला वाटलं, आपलं बोट कापलं. त्यानं हात बघितले. हात धड होते. मूठच लाल होती, ओल्या कुंकवासारखी, बोटांच्या खोलगट जागी तर रक्त साकळल्यासारखी. त्यानं धोतराच्या सोग्यानं पुसली, सोगा लाल झाला. साध्या पाण्यानं धुतली, लाली तशीच. तो तिथंच जमिनीवर बसला. नवरदेवाच्या हातात, हळदीच्या दिवशी, ही अशी लाल मूठ! सावित्रीबाई उद्या संध्याकाळी न्यायला येणार होती. परवा हळद.

त्यानं फोन लावला. हर्षालीनं उचलला.

"आई बाजारात गेल्यात बाबा, शेजारच्या काकूंबरोबर. फोन घरीच विसरल्या. काही निरोप आहे का?"

"नाय, काय नाय," तो म्हणाला.

संध्याकाळपर्यंत थांबून पुन्हा फोन करता आला असता. ते त्यालाही कळत होतं. पण त्यानं शेळी शेजारच्या मंगलाबाईच्या दावणीला बांधली, सदरा बदलला, कट्यार फडक्यात गुंडाळून पिशवीत घातली आणि फाट्यावर येऊन जीपची वाट बघत उभा राहिला. सिन्नरला जीपनं, तिथून नाशिकरोडला एस्टीनं, पुढं रेल्वेनं. गाडीत दाराशी टेकून उभं राहायला जागा मिळाली. निफाडकडचे द्राक्षाचे मांडव मागं पळत होते आणि तो पिशवी छातीशी धरून मनात एकच वाक्य घोळवत होता. चल आता घरी. बास झालं. चल आता घरी.

मनमाडच्या रेल्वे क्वार्टरात तो पोचला तेव्हा दिवेलागण झाली होती. गोजराबाई दारात नातवाला कडेवर घेऊन उभी होती. त्याला बघून तिचा चेहरा पांढरा पडला.

"काय झालं? काय झालं हो?"

त्यानं फडकं सोडून कट्यार तिच्यापुढं धरली. तिनं बाळ हर्षालीकडं दिलं, मूठ हातात घेतली, दिव्याखाली नेली, हुंगली. मग तिचे खांदे हलायला लागले. त्याला वाटलं रडतेय. ती हसत होती. हसता हसता खाली बसली, डोळ्यांना पदर लावला.

"सोड्यात घातली ना? मुठीसकट?"

"मंग? तूच घालते ना."

"मी गुंडाळलेलं सोडायच्या आधी घालते! अहो, हळदीला सोडा लागला का लाल होते ती. चुना लागला का होते, साबण लागला का होते. कपडे धुतलेत का कधी जन्मात?" ती हर्षालीकडं वळली. "लिंबू दे गं एक."

लिंबाची फोड तिनं मुठीवर फिरवली. जिथं फोड फिरली तिथं लाली मागं सरली आणि खालून पिवळा रंग वर आला. तिनं बोटांच्या खोलगट जागा नीट चोळल्या, ओल्या फडक्यानं पुसल्या, पुन्हा थोडं चोळलं. पितळाला लिंबू लागू नये म्हणून कडं दुसऱ्या हाताच्या मुठीत धरलं होतं. सगळी मूठ पिवळी झाली तेव्हा तिनं ती कोरडी केली, तळहातावर खोबरेल घेऊन हलका हात फिरवला आणि त्याच्यापुढं ठेवली. भिमाजीनं मूठ बघितली. मग त्याची नजर तिच्या हातांवर राहिली.

ते हात त्याच्या ओळखीचे नव्हते. भेगा भरून आल्या होत्या. कोळशाची काळी रेघ नखांतून गेली होती. नखं वाढलेली, गुलाबी होती.

"नाव कुणी काढलं?" तिनं विचारलं.

"मीच."

तिनं 'रू'च्या शेपटीवरून बोट फिरवलं. "लांबली," म्हणाली. पण पुसट हसली.

कुंदन ड्युटीवरून आल्यावर जेवणं झाली. बाळ भिमाजीच्या मांडीवर बसलं, त्याच्या मिशा ओढू लागलं, मांडीवरच मुतलं. सगळे हसले. त्यानं घोळवून आणलेलं वाक्य त्या रात्री बाहेर आलं नाही. घर लहान होतं आणि माणसं जवळजवळ होती.

सकाळी लवकरच्या गाडीला निघायचं म्हणून तो चहा पीत बसला होता. गोजराबाई भिंतीवरच्या आरशापुढं वेणी घालत होती. दोन्ही हात डोक्यामागं नेऊन, सहज. भिमाजीच्या हातातली कपबशी तशीच राहिली. गेली कित्येक वर्षं तिचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. घरी तिची वेणी मंगलाबाई घालून द्यायची, तो अंगणात बसून विळ्यांना मुठी बसवताना ते रोज बघायचा, आणि खांदा दुखतो हे घरात सगळ्यांना पाऊस पडतो हे माहीत असावं तसं माहीत होतं.

"हात वर जातो तुझा," तो म्हणाला.

"जातो ना. संक्रांतीपासून जातो." ती आरशातून त्याच्याकडं बघत होती. "छातीपण मोकळी झाली. तिथं भट्टीचा धूर सगळा माझ्या अंगाला यायचा. तुमच्या अंगाला वारा असायचा."

तिला स्टेशनवर यायचं होतं, ती आली. फलाटावर गाडीची वाट बघत दोघं बाकड्यावर बसले. चहावाला पुढून गेला. भिमाजीनं पायांकडं बघत सांगून टाकलं, "सावित्रीकाकूला मी म्हणलो व्हतो, तू येऊ राह्यली."

"असं का म्हणले?"

"निघून गेलं तोंडातून." मग पिशवीचे बंद सारखे करत, "झुंबरची कुदळ माघारी दिली. घणावाचून काय होत नाय गं. हातोडी नुसतीच वाजती."

गोजराबाई समोरच्या रुळांकडं बघत होती. बोलली ती सावकाश, भांडणाचा सूर नव्हता.

"एक सांगा. तुमाला मी पाहिजे, का घण मारायला माणूस पाहिजे?"

भिमाजीला लगेच उत्तर आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला पुढं बराच काळ वाटत राहिलं. पण या प्रश्नाला खोटं उत्तर त्याच्यानं देववेना, बायकोला तर नाहीच. समोर घण घेऊन उभ्या असलेल्या गोजरावाचून दुसरी गोजरा त्याला डोळ्यांपुढं आणताच येत नव्हती. लग्न झाल्यापासून ती तिथंच उभी होती.

गाडी दिसायला लागली. माणसं उठली.

"घणाला मी आता येनार नाय," ती म्हणाली. "राग धरू नका. हा हात पुन्यांदा मोडायचा नाय मला."

"धरीत नाय."

त्यानं पिशवी उचलली. दाराचा दांडा धरून वर चढला, आणि गाडी हलायच्या बेतात असताना खाली वाकून म्हणाला, "नुसती ये. काय करू नको. नुसती बसायला ये."

ती काही बोलली असावी. भोंगा वाजला. तिचे ओठ हललेले त्यानं पाहिले, शब्द ऐकू आले नाहीत. गाडी पुढं निघाली तशी ती चार पावलं सोबत चालली आणि थांबली. वळणावर ती दिसेनाशी होईपर्यंत तो दारातच उभा राहिला.

सावित्रीबाई संध्याकाळी आली. घरात पाहुणे उतरलेले, ती घाईत होती, तरी ओंडक्यावर टेकली. भिमाजीनं कट्यार तिच्या हातात दिली. तिनं आधी मूठ बघितली, उलटसुलट करून, पदरानं पुसून. मग कडं.

"हे गोजराच्या हातचं नाय," ती म्हणाली. वाचता तिलाही येत नव्हतं, पण गोजरानं काढलेल्या नावांचे कोयते तिच्या घरात होते.

"नाय. माझ्या हातचं हाय. ती नाय आली काकू. येनार व्हती म्हणलो ते खोटं बोललो." त्यानं मुठीकडं बोट केलं. "मुठीला हात तिनंच लावलाय पण. मनमाडला जाऊन आलो."

सावित्रीबाईनं त्याच्याकडं पाहिलं. काय समजायचं ते ती समजली असावी. तिनं अंगठा अक्षरांवर ठेवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत नेला.

"काय लिवलं ते वाच."

"बहिरू."

ती मान खाली घालून बसली होती. अंगठा पुन्हा पहिल्या अक्षरावर गेला.

"परत म्हण."

"बहिरू," भिमाजी म्हणाला, या खेपेला सावकाश, तिचा अंगठा जसजसा पुढं सरकला तसतसं. 'रू'च्या लांबलेल्या शेपटीवर अंगठा बराच वेळ राहिला. मग ती उठली, कट्यार फडक्यात गुंडाळली आणि "उद्या हळदीला ये" म्हणून निघून गेली.

हळदीला तो गेला. समाधाननं मूठ हातात धरलेली त्यानं मांडवाच्या कडेनं पाहिली. पोराच्या हाताची ओली हळद पितळावर, अक्षरांच्या खाचांत भरत होती. जेवून तो लवकरच घरी आला.

पुढचे दोन दिवस त्यानं भट्टी पेटवली नाही. माळ्यावरची मोडकी बाज खाली काढली, तिचा एक पाय नवा केला, सिन्नरहून काथ्या आणून ती विणायला घेतली. विणताना बोटं सोलली. काथ्या ओला करून ओढायचा, गुडघा टेकवून ताणायचा, पुन्हा ओढायचा. घण ऐरणीपुढच्या जागेवरून उचलून त्यानं मागच्या भिंतीशी नेऊन उभा केला. दोन हातांनी, थांबत थांबत न्यावा लागला. तो एवढा जड असेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

बाज तयार झाल्यावर त्यानं भट्टी पेटवली. लोखंड काहीच घातलं नाही. नुसते कोळसे, आणि वर थोडा ओला पाला. मग तो अंगणात येऊन कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

पाण्याला निघालेली मंगलाबाई थांबली. "काय घडवू राह्यले भाऊजी?"

"काय नाय. धूर बघतोय."

"धूर?"

"दुपारचा कुठल्या अंगाला जातो ते."

धूर चौकटीतून बाहेर आला, जरा घुटमळला, आणि वाऱ्यासरशी उगवतीच्या बाजूला वळला. भिमाजीनं बाज उचलली आणि मावळतीकडं, कडुलिंबाच्या सावलीत नेऊन ठेवली. वारा फिरला. त्यानं बाज आणखी थोडी पुढं ओढली, आणि पुन्हा उभा राहून बघू लागला.